दहा नंबरचं कार्ड

समस्त वाचकांस, त्यांच्या आप्तेष्टांस व तमाम मोबाईलधारकांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, काही वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला, दुपारी तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी, सोनईच्या अलीकडच्या दहा-बारा गावांचा उर्वरित मानवजातीशी असलेला संबंध तुटला. तो सुमारे पाऊण तास तुटलेलाच राहिला. या दुर्घटनेत कोणीही दगावले नाही. एक लग्न मात्र अत्यवस्थ झाले. ज्या हाताने हे कृत्य केले तोच हात हा मजकूर लिहीत आहे. कृपया शोकसंदेश पाठवू नयेत. मेमो आधीच आलेला आहे.

माझा धंदा असा की मी चांगलं काम करतोय तोवर जगात कुणालाही माझी आठवण येत नाही. तुम्ही मोबाईलवर बोलता तेव्हा तुमचा आवाज टॉवरवरून थेट मावशीच्या कानात उडी मारतो, अशी तुमची समजूत असते. ती मोडायला मला आवडत नाही, पण मध्ये बरंच काही असतं. टॉवरवरून आवाज एका लहानशा खोलीत येतो. तिथे लोखंडी कपाट असतं, कपाटात उभी कार्डं बसवलेली असतात, एकेक आपल्या शाळेच्या पाटीएवढं. त्यातली बरीचशी नुसती ये-जा करणारी. पण मधोमध दोन कार्डं असतात, त्यांना स्विच कार्ड म्हणतात. एसटी स्टँडवर खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची हे ठरवणारा माणूस असतो ना, तेच यांचं काम. नेवाशाचा आवाज नगरकडे, नगरचा पुण्याकडे, कुणाचा व्हिडिओ कुणाच्या घरी, सगळं तिथून फिरवलं जातं.

ही कार्डं दोन असतात, कारण एकाने मान टाकली तर दुसऱ्याने त्याच क्षणी काम उचलायचं. आणि ते खरंच उचलतं. कचेऱ्यांमध्येही आपण प्रत्येक टेबलाला दोन माणसं नेमतो, पण तिथे दोघेही दुसऱ्या नंबरचे असतात.

मेलेलं कार्ड काढून नवं बसवणं हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. दोन खटके दाबायचे, ओढायचं, नवं सरकवायचं. चालू कार्ड शेजारी काम करतच असतं, गावाला पत्ता लागत नाही. नियम एकच: ओढण्याआधी कार्डाचा नंबर डोळ्यांनी वाचायचा, तो पुण्याच्या नियंत्रण कक्षाला मोठ्याने सांगायचा, त्यांनी हो म्हटलं की मगच हात लावायचा. हा नियम मी कित्येक नव्या पोरांना शिकवला आहे. फार प्रभावी शिकवतो मी. शेवटी थोडा पॉजही घेतो.

आता रावसाहेबाची ओळख करून देतो. आमच्या जिल्ह्यात (नाव अहिल्यानगर झालं, तोंडातून अजून नगरच निघतं) बारशालाच माणसाला साहेब करून टाकायची पद्धत आहे. भाऊसाहेब, अण्णासाहेब, बाबासाहेब, रावसाहेब. पुढे आयुष्याने त्याचं काय करायचं ते करावं. आमच्या रावसाहेबाला आयुष्याने त्या खोलीची किल्ली दिली. खोली उघडायची, झाडायची, वीज गेली की जनरेटरमध्ये डिझेल ओतायचं आणि कुणी येईल त्याची वहीत सही घ्यायची. खोलीत मशीनसाठी दिवसरात्र एसी चालतो, त्यामुळे वैशाखात हे पद गावात फार प्रतिष्ठेचं असतं. एक पुढारी तर 'मशीनची पाहणी' करायला रोज जेवून येत आणि दोन तास घोरत पाहणी करत. रावसाहेब त्यांचीही वहीत सही घ्यायचा. तो नियमाला तसा पक्का.

रावसाहेबाचं वय छत्तीस, दीड एकर, आई म्हातारी, लग्न नाही. हल्ली आमच्याकडे ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही, गल्लीगणिक दोन-तीन असतात. पोरीकडचे विचारतात, नोकरी काय, आणि शेती आहे म्हटलं की चहा अर्धा टाकून उठतात. तीन वर्षांत रावसाहेबाला एकही पोरगी दाखवायला कुणी नेलं नव्हतं. तेव्हा त्याच्या सोपानमामांनी सूत्रं हाती घेतली. सोपानमामा पूर्वी बैलबाजारात दलाली करायचे, त्यामुळे दात न दाखवता माल कसा खपवावा याचं शास्त्रोक्त ज्ञान त्यांना होतं. त्यांनी तयार केलेला बायोडाटा मी वाचला आहे. 'टेलिकॉम क्षेत्रात जबाबदारीचे पद. कार्यालय पूर्णतः वातानुकूलित.' यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. मला तर हा माणूस आमच्या कंपनीच्या जाहिरात विभागात हवा होता असं वाटतं.

या बायोडाट्याला पारनेरकडचं एक स्थळ लागलं. मुलगी मनीषा, बत्तीस वर्षांची, श्रीरामपूरला लॅबमध्ये रक्त तपासायची. सणासाठी घरी आलेली. तिच्या चुलत्यांनी निरोप दिला, "आधी व्हिडिओवर बघू, मग पेट्रोल जाळू. दसऱ्याला चार वाजता फोन लावतो. पाच वाजता पुणतांब्याचं स्थळ समक्ष येणार आहे, त्यामुळे वेळ पाळा." पुणतांब्याच्या मुलाकडे गोदावरीकाठची बागायत होती आणि स्वतःची चारचाकी. म्हणजे रावसाहेबाच्या हातात चार ते पाच एवढा एकच तास होता.

आणि त्याच दिवशी मी तिथे पोचलो.

दोन दिवस आधी त्या खोलीतलं एक स्विच कार्ड मेलं होतं. दुसरं नेटाने काम करत होतं, गावाला खबर नव्हती. नवं कार्ड पुण्याहून नेमकं दसऱ्याच्या सकाळी आलं आणि वरून आदेश झाला की आजच बसवा, दुसरंही गेलं तर पंचाईत. मी श्रीखंड-पुरीवरून उठलो. बायकोने श्रीखंडाची वाटी उचलली. वीस वर्षांत तिने मला सणाच्या ताटावरून इतक्यांदा उठताना पाहिलंय की तिने वाटी परत फ्रिजमध्ये ठेवायची जागाही ठरवून टाकली आहे.

सव्वातीनला पोचलो तर रावसाहेब दारात उभा. नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. दाढी इतकी घोटलेली की हनुवटी चमकत होती. मानेवर पावडर.

"साहेब, किती येळ लागंल?"

"दहा मिनिटं."

"चारला मला वस्तीवर जायचंय. पोरीकडचे फोन लावनार हायेत. मामा तिथं खुर्ची-बिर्ची मांडून बसल्यात. मागं पडदाबी लावलाय."

"दहा मिनिटं म्हटलं ना. तू साडेतीनला मोकळा."

माणूस खोलीत असेपर्यंत किल्लीवाल्याने जागा सोडायची नाही, हा कंपनीचा नियम. रावसाहेब नियम मोडणाऱ्यातला नाही, हे मी सांगितलंच.

खोलीत शिरलो आणि थबकलो. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे ज्या हत्याराने पोट भरतं त्याची पूजा होते. नांगर, विळा, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, न्हाव्याचा वस्तरा. रावसाहेबाचं पोट त्या कपाटावर होतं. त्याने कपाट धुतलं नव्हतं हे नशीब. पण झेंडूची भलीमोठी माळ कार्डांखालच्या नंबरांच्या पट्टीवर चिकटपट्टीने घट्ट बसवली होती, पट्टीच्या दोन्ही टोकांना हळदीची स्वस्तिकं काढली होती, आणि प्रत्येक कार्डावर जो इवलासा दिवा असतो, त्याच्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं होतं. निगुतीने, एकही कार्ड न चुकवता.

"दिव्यावर कशाला लावलंस?"

"मग कुटं लावायचं? त्याला कपाळ तेवढंच हाय."



अडचण अशी की चांगल्या कार्डाचा दिवा हिरवा असतो आणि मेलेल्याचा लाल. त्या दिवशी सगळं कपाट लाल होतं. सगळी कार्डं सौभाग्यवती दिसत होती, त्यातलं मेलेलं कुठलं ते देवालाच ठाऊक.

फोन लावला. नियंत्रण कक्षात शिंत्रे मॅडम होत्या. कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलतोय, पाहिलेलं कधीच नाही. बोलणं असं की जणू शब्दागणिक पगारातून कपात होते. कामापलीकडचं एक वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. एकदा मी 'दिवाळीच्या शुभेच्छा' म्हणालो तर त्या म्हणाल्या, "नोंद घेतली."

"दहा नंबरचं कार्ड फेल आहे," मॅडम म्हणाल्या. "दिव्याचा रंग सांगा."

मधल्या दोन स्विच कार्डांपैकी डावीकडच्याच्या दिव्यावरचं कुंकू मी अंगठ्याने पुसलं. ते पुसलं गेलं नाही, पसरलं. उजवीकडचं पुसलं, तेही पसरलं. पण डावीकडचं जास्त लाल वाटलं.

"लाल."

"नंबर वाचून सांगा."

नंबर झेंडूखाली. माळ काढायची म्हणजे चिकटपट्टी सोडवत बसा. रावसाहेब दारातून घड्याळाकडे बघतोय. शिवाय जुन्या कपाटांमध्ये दहा नंबर डावीकडेच असायचा, आणि मी काय आजचा आहे का.

"दहा," मी म्हणालो. अतिशय भारदस्त आवाजात. तुम्ही असता तर तुम्हीही विश्वास ठेवला असता.

"काढा."

काढलं.

मोठा आवाज होईल, ठिणगी उडेल, असं काही होत नाही. पंखे तसेच घुमत राहतात. फक्त कुंकवाआडून जे काही मिणमिणत होतं ते सगळं एकदम विझतं, आणि कानाला लावलेला फोन इतका शांत होतो की स्वतःचा श्वास ऐकू येतो. हातात जे कार्ड होतं ते चांगलं गरम होतं. मेलेलं कार्ड थंड असतं. हे ज्ञान उपयोगी आहे, पण ते थोडं उशिरा मिळतं.

"झालं का साहेब?" रावसाहेब म्हणाला.

"झालं," मी म्हणालो.

चांगलं कार्ड पुन्हा बसवलं. पण ही कार्डं सणासुदीला आलेल्या जावयासारखी. उठवायला क्षण पुरतो, पुन्हा बसायला त्यांना त्यांचा वेळ लागतो. आधी ते स्वतःला तपासतं, मग स्मरणशक्ती तपासतं, मग एकेका शेजाऱ्याची ओळख पटवतं. त्यात माणसाला करण्यासारखं काहीही नसतं. मी तरी कपाळाला आठ्या घालून वायरी हलवल्यासारखं करत होतो, कारण नुसतं उभं राहिलेला इंजिनिअर लोकांना बघवत नाही. मधल्या वेळात माळ सोडवली. खाली छापील आकडे होते. डावीकडे नऊ, उजवीकडे दहा. सुबक, ठळक, चार फुटांवरून वाचता येतील असे.

दहा नंबरचं मेलेलं कार्ड काढलं, नवं बसवलं. तेही आपलं स्वतःला तपासत बसलं. चार वाजले. सव्वाचार वाजले.

सोपानमामा मोटारसायकलवरून आले. डोक्यावर कडक फेटा, हातात मोबाईल वर धरलेला, जणू ढगातून काही गळतंय का बघताहेत.

"काय हो इंजिनिअर, रेंज कुटं गेली? तिकडं पोरगी फोन लावीत आसंल आन् आमी पडद्याम्होरं बसल्यालो. म्हातारीनं तर देव पान्यात घातल्यात."

"तांत्रिक बिघाड आहे."

"तांत्रिक म्हंजी कुनाचा?"

मामांना बैलबाजाराची नजर होती. मी वायरी हलवल्या.

रावसाहेब मात्र भिंतीला टेकून बसला होता, नवा शर्ट चुरगळला होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, मी कुंकू लावलं म्हनून झालं ना ह्ये?"

मी म्हणालो, "बघू." या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

चार पंचवीसला दिवे परतले. मामांच्या मोबाईलवर एकामागून एक निरोप येऊन पडले. 'फोन लागत नाही.' 'वेळ झाली आहे.' शेवटचा, 'मुलाला वेळेची किंमत नसेल तर राहू द्या.' वस्तीवर जायला वेळ नव्हता. मामांनी तिथेच रावसाहेबाला कपाटापुढे उभं केलं, त्याचे केस थुंकीने बसवले आणि व्हिडिओ लावला.

त्याच क्षणी माझा फोन वाजला. शिंत्रे मॅडम. मी स्पीकरवर टाकला, कारण हात वायरीत होते.

"सेवा परत आली. कारण काय लिहू?"

"उंदीर," मी म्हणालो.

हे समजावून सांगायला हवं. आमच्या धंद्यात ज्या बिघाडाचं कारण सांगता येत नाही त्याचं कारण उंदीर असतं. आजवर मी इतक्या उंदरांवर खापर फोडलंय की स्वर्गात गेल्यावर दारात गणपतीचं वाहनच मला अडवेल. पण तो आमच्यातला सभ्यपणा आहे. मॅडमच्या पडद्यावर कुठलं कार्ड किती सेकंदांनी निघालं सगळं दिसतं. तरी त्या उंदीर लिहून घेतात आणि विषय मिटतो.

"उंदीर चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "वरून विचारणा झाली आहे. साइटवर अजून कोण होतं?"

तिकडे मामांचा आवाज चढला होता. "अवो पाव्हनं, आमचा रावसाहेब समद्या तालुक्याचं नेटवर्क दुरुस्त करीत हुता. त्येच्यावाचून हलतच न्हाई काही. बघा, मागं मशीन."

पडद्यावर मनीषा होती. चष्मा, साधी साडी, चेहऱ्यावर आधीच्या आठ-दहा मुलांना पाहिल्याचा शीण. ती म्हणाली, "काय बिघडलं होतं?"

मामांनी तोंड उघडलं, पण रावसाहेब आधी बोलला.

"मी काही दुरुस्त करीत न्हाई. मी कुलूप उघडतो, खोली झाडतो, जनरेटरमधी डिझेल वततो. इंजिनिअर ह्ये साहेब हायेत. काल मी पूजा केली, दिव्यांना कुंकू लावलं, त्यानं त्यांला दिसलं न्हाई आन् समदं बंद पडलं. माझ्यामुळं झालं ह्ये. आन् शेती दीडच एकर हाय, मामांनी किती सांगितली मला म्हाईत न्हाई."

मामांनी फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. बाजार उठला होता.

"कुंकू?" माझ्या फोनमधून मॅडम म्हणाल्या. "ऐकलं मी. मग लिहू का? साइटवरच्या माणसाचा हस्तक्षेप."

मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. कारण खरं होतं, कुंकू खरं होतं, आणि गुन्हेगाराने स्वतःच कबुली दिली होती. बरं, हे मी पूर्वी केलेलं आहे. पारनेर भागातल्या एका खोलीवर माझ्याच हाताने एक जोडणी चुकली तेव्हा मी 'चौकीदाराचा निष्काळजीपणा' असं लिहून मोकळा झालो होतो. त्याला महिन्याभरात काढलं. पुढे तो बायकोसह ऊसतोडीला गेला असं कळलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याची परवानगी नाही, आणि ती मागायला मी कधी गेलो नाही. किस्से सांगायला मला कुणी बोलावलं की हा एक किस्सा मी सोडून देतो.

रावसाहेब पडद्याकडे बघत उभा होता. पळवाट शोधावी असं त्याच्या मनातही नव्हतं. किल्ली तेवढी मुठीत आवळलेली.

"लिहू नका," मी म्हणालो. "त्याने कुंकू लावलं, पण नंबर मी वाचला नाही. माळ बाजूला करायचा कंटाळा केला आणि वाचल्यासारखा सांगितला. दहाऐवजी नऊ मी ओढलं. उंदीर नव्हता, रावसाहेब नव्हता. मी होतो."



दोन्ही फोन स्पीकरवर होते, म्हणजे पुणे, पारनेर आणि नेवासा तालुका असे तिघेही एकमेकांना ऐकत होते. मनीषाने चष्मा नाकावर वर केला. रक्ताच्या नमुन्याकडे बघावं तसं तिने आधी मामांकडे, मग रावसाहेबाकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"एक मिनिट," ती म्हणाली. "मामा म्हणतात हे दुरुस्त करत होते. हे म्हणतात यांनी बिघडवलं. ते म्हणतात त्यांनी बिघडवलं. तुमच्यात खरं कोण बोलतंय, ते तरी एकदा ठरवून सांगा."

आता इथे जरा थांबतो आणि बाकीचा हिशोब उरकून घेतो. पुणतांब्याचे पाहुणे पाच वाजता पोचले, पोहे खाऊन गेले. मला मेमो आला, त्याची भाषा उत्तम होती. रावसाहेबाची किल्ली त्याच्याकडेच राहिली. तुळशीची लग्नं लागली आणि त्यानंतर पंधरवड्यात रावसाहेब आणि मनीषाचंही लागलं. मांडवात सोपानमामा सगळ्यांना सांगत होते की स्थळ आपणच जुळवलं, आणि मी मान डोलवत जिलबी खात होतो. पण हे लग्न मामांनी जुळवलेलं नाही. मीही नाही, मी तर ते मोडता मोडता राहिलो. ते जुळलं एका वाक्याने.

तर मनीषाने प्रश्न टाकला होता. मामा फेट्याचं टोक चाचपत होते. आणि माझ्या फोनमधून शिंत्रे मॅडम, ज्यांनी इतक्या वर्षांत कामाबाहेरचा एक शब्द उच्चारला नव्हता, त्या एका दमात बोलून गेल्या,

"अहो ताई, मुलगा खरं बोलतोय. खोटारडा आहे तो इंजिनिअर, आणि त्याचं लग्न झालेलं आहे."